ब्रिटनमध्ये कारचा विमा काढताना वाहतुकीचे दंड आणि शिक्षा कशा कळवाव्यात: नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये कारच्या विम्याचा अर्ज भरताना एक प्रश्न हमखास समोर येतो: गेल्या पाच वर्षांत तुम्हाला, किंवा ही गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या कोणाला, वाहतुकीच्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का, फिक्स्ड पेनल्टी (कोर्टात न जाता भरायचा ठरलेला दंड) किंवा पेनल्टी पॉइंट (गुन्ह्याबद्दल लायसन्सवर नोंदले जाणारे गुण) मिळाले आहेत का? इथे नव्याने आलेले बरेच जण या प्रश्नापाशी फारसे थांबत नाहीत. कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाबद्दल १०० पौंड भरले, पोच मिळाली, विषय संपला, अशी समजूत असते. शिवाय अर्जात शिक्षेसाठी वापरलेला ‘कन्व्हिक्शन’ हा शब्द वाचला की कोर्टकचेरी डोळ्यांसमोर येते आणि आपला तिच्याशी काही संबंध नाही असे वाटून ‘नाही’ हा पर्याय निवडला जातो. गाडीला काही झाले नाही तोवर त्या उत्तराकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. अपघात झाला की मात्र विमा कंपनी तो अर्ज काढून प्रत्येक उत्तर पडताळून पाहते, आणि त्या वेळी दुरुस्ती करायला उशीर झालेला असतो. एवढ्याशा निष्काळजीपणापायी घरातल्या माणसांना हजारो पौंडांचा फटका बसू नये, यासाठी हे सर्व टप्प्याटप्प्याने मांडत आहे.

आधी कायद्याची चौकट समजून घ्यावी. वैयक्तिक ग्राहकांच्या विम्यासाठी २०१२ सालचा कन्झ्युमर इन्शुरन्स डिस्क्लोजर अँड रिप्रेझेंटेशन्स ॲक्ट ६ एप्रिल २०१३ पासून लागू आहे. त्यापूर्वी कंपनीने विचारले नसले तरी महत्त्वाची माहिती ग्राहकाने आपणहून सांगावी, अशी कायद्याची अपेक्षा होती. नव्या कायद्याने ती काढून टाकली आणि ग्राहकावर एकच जबाबदारी ठेवली: कंपनीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन खरी द्यायची. म्हणजे जे विचारले नाही ते सांगण्याचे बंधन नाही. पण जे स्पष्टपणे विचारले आहे त्याचे उत्तर आठवणीवर किंवा अंदाजावर देणे पुरेसे नाही. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

हाती आलेली नोटीस कोणत्या प्रकारची आहे, ते ओळखा

गाडीबद्दल घरी येणारे प्रत्येक पाकीट विम्याच्या अर्जात जात नाही. स्थानिक काउन्सिलकडून येणारी पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे चुकीच्या जागी गाडी लावणे, बसच्या लेनमध्ये शिरणे यांसाठीची आकारणी, ही दिवाणी स्वरूपाची असते. तिने लायसन्सवर पॉइंट येत नाहीत आणि ती शिक्षाही ठरत नाही. सुपरमार्केटच्या किंवा खासगी वाहनतळाच्या कंपनीने पाठवलेली पार्किंग चार्ज नोटीस तर निव्वळ कराराच्या भंगाची मागणी असते. लंडनच्या कंजेशन चार्जचा, म्हणजे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याच्या शुल्काचा, दंडही याच गटात मोडतो. या नोटिसांचे पैसे वेळेवर भरावेत किंवा रीतसर आक्षेप नोंदवावा, पण विम्याच्या अर्जातल्या शिक्षांच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

फिक्स्ड पेनल्टी नोटीस ही वेगळी गोष्ट आहे आणि नावातल्या साधर्म्यामुळे इथेच गोंधळ होतो. ती पोलिसांकडून येते आणि गुन्ह्याबद्दलच असते. फक्त कोर्टात न जाता ठरलेली रक्कम भरून आणि पॉइंट स्वीकारून प्रकरण मिटवण्याची मुभा तिने मिळते. वेगमर्यादा ओलांडल्यास किमान दंड १०० पौंड आणि ३ पॉइंट असा असतो. गाडी चालवताना मोबाइल हातात धरल्यास २०० पौंड आणि ६ पॉइंट. विम्याशिवाय गाडी चालवताना पकडले गेल्यास ३०० पौंड आणि ६ पॉइंट. लायसन्सवर पॉइंट चढले म्हणजे ती नोंद झाली, आणि विमा कंपन्या अशी नोंद व कोर्टाने दिलेली शिक्षा यांबद्दल एकाच प्रश्नात विचारतात. सीट बेल्ट न लावल्याबद्दलचा १०० पौंडांचा दंड मात्र फिक्स्ड पेनल्टी असूनही पॉइंटविना असतो. अर्जात फक्त पॉइंटबद्दल विचारले असेल तर तो त्यात बसत नाही, पण ‘कोणतीही फिक्स्ड पेनल्टी’ असे शब्द असतील तर तो सांगायला हवा.

डीव्हीएलएची नोंद उघडून समोर ठेवा

स्वॉन्झी येथील डीव्हीएलए ही संस्था ग्रेट ब्रिटनमधल्या प्रत्येक चालकाची नोंद ठेवते. (नॉर्दर्न आयर्लंडसाठी डीव्हीए ही वेगळी संस्था आहे.) पूर्वी फोटोकार्डाबरोबर कागदाचा एक जोडभाग मिळत असे आणि त्यावर पॉइंट छापलेले असत, ८ जून २०१५ पासून तो रद्द झाला. त्यामुळे खिशातल्या कार्डाकडे कितीही वेळ पाहिले तरी तुमच्या नावावर किती पॉइंट आहेत ते कळणार नाही. सरकारच्या संकेतस्थळावर लायसन्सची माहिती पाहण्याची मोफत सोय आहे. त्यासाठी लायसन्स क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि लायसन्सवर असलेल्या पत्त्याचा पोस्टकोड, एवढेच लागते.

नोंद उघडली की पेनल्टीच्या भागात प्रत्येक गुन्ह्यासमोर एक संकेतांक, तारीख आणि पॉइंटची संख्या दिसते. संकेतांकात दोन अक्षरे आणि दोन आकडे असतात. एसपी ३० म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरची वेगमर्यादा ओलांडणे आणि एसपी ५० म्हणजे मोटरवेवर तेच करणे. टीएस १० हा लाल सिग्नल तोडल्याचा, सीयू ८० मोबाइलचा, सीडी १० निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा, आयएन १० विमा नसल्याचा आणि डीआर १० मर्यादेपेक्षा जास्त मद्य घेऊन गाडी चालवल्याचा. एमएस ९० हा संकेतांक नवख्यांना विशेष महाग पडतो: गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी पत्राने विचारल्यावर २८ दिवसांत उत्तर न दिल्याबद्दलचा तो गुन्हा आहे, त्याला ६ पॉइंट पडतात, आणि घर बदलल्यावर गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता न बदलल्यामुळे पत्र जुन्या घरी पडून राहिले तरी तो लागू शकतो.

हे पान जतन करून ठेवावे, किंवा छापून गाडीच्या कागदपत्रांत लावून ठेवावे. त्याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच सर्वांत फसवा भाग आहे.

चार वर्षे आणि पाच वर्षे

वेग, सिग्नल, मोबाइल यांसारख्या गुन्ह्यांची नोंद डीव्हीएलएकडे गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षे राहते. मद्यप्राशनासारख्या गंभीर गुन्ह्यांची नोंद शिक्षेच्या तारखेपासून ११ वर्षे राहते. अपात्रतेसाठी पॉइंटची बेरीज करताना तर फक्त ३ वर्षांतले पॉइंट धरले जातात. त्या काळात १२ झाले की साधारणपणे किमान ६ महिन्यांची बंदी येते. विमा कंपनी मात्र बहुधा ५ वर्षांचा हिशेब मागते. तीन, चार, पाच आणि अकरा हे चारही आकडे खरे आहेत, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे, आणि विम्याच्या अर्जात महत्त्व आहे ते अर्जानेच लिहिलेल्या आकड्याला.

उदाहरण घेऊ. समजा, १० मार्च २०२१ रोजी कॅमेऱ्याने वेग टिपला आणि एसपी ३० खाली ३ पॉइंट मिळाले. १० मार्च २०२५ नंतर डीव्हीएलएच्या पानावरून ती ओळ नाहीशी होते. जुलै २०२५ मध्ये नूतनीकरण करताना चालकाने पान उघडले, ते स्वच्छ दिसले, आणि त्याने निःशंक मनाने ‘नाही’ असे उत्तर दिले. अर्जात ‘गेल्या पाच वर्षांत’ असे शब्द असतील तर ते उत्तर चुकीचे आहे, कारण पाच वर्षे मार्च २०२६ मध्ये भरतात. म्हणूनच नोंद अस्तित्वात असतानाच तिची प्रत काढून ठेवावी. पाचव्या वर्षी तारीख आणि संकेतांक अचूक लिहायला तीच उपयोगी पडते.

पाच वर्षे हा आकडा येतो १९७४ सालच्या रीहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टमधून. या कायद्यानुसार ठरावीक काळ उलटला की शिक्षा कालबाह्य मानली जाते, आणि कालबाह्य झालेली शिक्षा विमा कंपनीने विचारले तरी सांगण्याचे बंधन राहत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये लायसन्सवर पॉइंटची नोंद झाली असेल तर प्रौढ व्यक्तीसाठी हा काळ ५ वर्षांचा आहे, दोषी ठरण्याच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर अडीच वर्षांचा. म्हणजे डीआर १० ची ओळ डीव्हीएलएच्या पानावर अकरा वर्षे दिसत राहिली तरी, दंड, नोंद आणि बंदी यांच्यापैकी सर्वांत लांब चालणारी मुदत संपली की ती शिक्षा विम्यापुरती सांगावी लागत नाही. बंदीच पाच वर्षांपेक्षा मोठी असेल तर अर्थातच ती संपेपर्यंत थांबावे लागते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो वापरण्यात काहीही गैर नाही. अनेक जण तो ठाऊक नसल्यामुळे वर्षानुवर्षे जास्त प्रीमियम भरत राहतात, याचे वाईट वाटते.

अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा

प्रत्येक कंपनीचा प्रश्न थोडा वेगळा असतो. तो तीन अंगांनी तपासावा: किती वर्षांचे विचारले आहे, कोणाबद्दल विचारले आहे, आणि नेमके काय विचारले आहे. बऱ्याच अर्जांत ‘प्रलंबित कारवाई’ हे शब्द असतात. वेगाचा कॅमेरा चमकल्यावर १४ दिवसांच्या आत गाडीच्या नोंदणीकृत धारकाला संभाव्य खटल्याची सूचना पाठवली जाते. ती हाती आली आहे पण निकाल लागलेला नाही, अशा वेळी प्रलंबित कारवाईबद्दल विचारले असेल तर ‘होय’ म्हणावे लागते.

स्पीड अवेअरनेस कोर्सचा प्रश्न वारंवार विचारला जातो. मर्यादा थोडी ओलांडली असेल आणि गेल्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसेल तर पोलीस दंडाऐवजी त्याचा पर्याय देऊ शकतात. कोर्स पूर्ण केला की पॉइंट मिळत नाहीत आणि शिक्षेची नोंदही होत नाही. त्यामुळे शिक्षा किंवा पॉइंट यांबद्दलच्या प्रश्नाला कोर्सपुरते ‘नाही’ हे उत्तर खरे आहे. काही कंपन्या मात्र ‘गेल्या इतक्या वर्षांत तुम्ही अवेअरनेस कोर्स केला आहे का’ असे स्वतंत्रपणे विचारतात. असे विचारले तर खरे तेच सांगावे. तो प्रश्न आवडला नाही तर दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. खोटे उत्तर देऊन तिथेच राहणे हा पर्याय नाही.

वाहतुकीबाहेरच्या गुन्ह्यांबद्दल वेगळा प्रश्न असतो. त्यातही कालबाह्य न झालेल्या शिक्षाच सांगायच्या असतात.

भारतातले ई-चलन आणि भारतीय लायसन्स

भारतीय लायसन्सवर इथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने कार चालवता येते. त्यानंतर प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स काढून लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, कारण भारतीय लायसन्सची थेट अदलाबदल होत नाही. या पहिल्या वर्षात पॉइंट मिळाले तर ‘माझे लायसन्स तर भारताचे’ असे म्हणून सुटका होत नाही. ब्रिटिश लायसन्स नसलेल्या चालकासाठी डीव्हीएलए स्वतंत्र नोंद उघडते आणि पुढे लायसन्स मिळाल्यावर ते पॉइंट त्याच्याशी जोडले जातात. शिवाय पहिली प्रत्यक्ष ड्रायव्हिंग परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले तर १९९५ च्या कायद्यानुसार लायसन्सच रद्द होते. मोबाइल एकदा हातात धरला की तेवढे पॉइंट भरतात, ही गोष्ट नव्या चालकांनी मनावर कोरून ठेवावी.

भारतात भरलेल्या ई-चलनांचे काय? याचे उत्तर पुन्हा प्रश्नाच्या शब्दांवरच अवलंबून आहे. प्रश्न ब्रिटनमधील पॉइंटपुरता असेल तर ती त्यात येत नाहीत. ‘कोणत्याही देशात’ असे लिहिले असेल, किंवा प्रश्न मोघम असेल, तर स्वतः अर्थ लावत बसू नये. कंपनीला चॅटवर किंवा ईमेलने सरळ विचारावे: ‘अमुक साली भारतात सिग्नल तोडल्याबद्दल जागेवर दंड भरला होता, कोर्टात प्रकरण गेले नव्हते, हे तुमच्या प्रश्नात बसते का?’ त्यांचे उत्तर जपून ठेवावे. फोनवर विचारले तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. भारतात कोर्टाने दिलेली शिक्षा, विशेषतः मद्यप्राशन किंवा जीवघेण्या अपघातासंबंधीची, असेल तर ती ‘परदेशातली’ म्हणून बाजूला सारू नये.

रकाने भरताना

दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर ‘होय’ म्हटल्यावर संकेतांक, तारीख, पॉइंट, दंडाची रक्कम आणि बंदीचा काळ असे रकाने उघडतात. एसपी ३० आणि एसपी ५० शेजारी शेजारी असतात, त्यामुळे यादीतून निवडताना डीव्हीएलएचे पान समोर असू द्यावे. कोर्टात गेलेल्या प्रकरणाला दोन तारखा असतात, गुन्ह्याची आणि शिक्षेची. अर्ज कोणती मागतो ते पाहून तीच लिहावी.

काही संकेतस्थळे प्रश्न विचारण्याऐवजी काही गोष्टी गृहीत धरतात आणि ‘हे बरोबर आहे का’ म्हणून एक लांबलचक परिच्छेद पुढे करतात. त्या परिच्छेदात ‘कोणत्याही चालकाला शिक्षा झालेली नाही’ हे वाक्य दडलेले असू शकते. तो न वाचता मान्य केला तर तुम्ही ते विधान केले असेच धरले जाईल.

लायसन्स क्रमांक विचारला तर तो जरूर द्यावा. विमा कंपन्यांना त्या क्रमांकावरून डीव्हीएलएकडील नोंद थेट पाहता येते, त्यामुळे अनवधानाने होणाऱ्या चुका कमी होतात. पण कंपनी स्वतः तपासते म्हणून आपण काही लिहिले नाही तरी चालेल, असा अर्थ त्यातून काढू नये.

पॉलिसीत पती, पत्नी किंवा मुलगा-मुलगी यांची नावे जोडत असाल तर त्यांच्या वतीने तुम्हीच उत्तरे देत असता. प्रत्येकाला आपापले डीव्हीएलएचे पान उघडायला सांगावे. आपल्याकडे घरात दंडाची गोष्ट लपवण्याची प्रवृत्ती असते. मुलाने वडिलांना सांगितले नाही, म्हणून वडिलांचा अर्ज चुकतो. हे बोलणे अवघड वाटले तरी ते अर्जापूर्वी व्हावे.

खरेदी झाल्यावर दिलेल्या उत्तरांचा गोषवारा कागदपत्रांसोबत येतो. तो त्याच दिवशी वाचावा. पहिल्या १४ दिवसांत पॉलिसी रद्द करण्याचा हक्क असतो, आणि चूक असेल तर ती कळवण्याची हीच योग्य वेळ असते.

पॉलिसी चालू असताना पॉइंट मिळाले तर

वर्षाच्या मध्येच दंड झाला तर लगेच कळवायचे की नूतनीकरणाच्या वेळी, हे पॉलिसीच्या अटींवर ठरते. काही कंपन्या तत्काळ मागतात, काही नाही. अटींच्या पुस्तिकेत बदल कळवण्याचा भाग शोधून वाचावा. नूतनीकरणाचे पत्र आले की त्यात जुनीच उत्तरे छापलेली असतात आणि ‘बदल असल्यास कळवा’ असे म्हटलेले असते. पॉलिसी आपोआप पुढे सरकत असेल तर हे पत्र उघडलेही जात नाही. पण ती माहिती दुरुस्त न करणे म्हणजेही चुकीची माहिती देणे ठरू शकते.

चूक झालीच असेल तर

कायदा चुकांचे दोन प्रकार करतो. मुद्दाम किंवा बेपर्वाईने दिलेले खोटे उत्तर असेल तर कंपनी पॉलिसी सुरुवातीपासून रद्दबातल ठरवू शकते, सगळे दावे नाकारू शकते आणि भरलेला प्रीमियमही बहुधा ठेवून घेऊ शकते. विमा मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटे विधान करणे हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टखाली गुन्हाही आहे. निष्काळजीपणाने झालेली चूक असेल तर कंपनीने खरी माहिती कळल्यावर काय केले असते ते पाहिले जाते. विमा दिलाच नसता, तर पॉलिसी रद्द करून प्रीमियम परत करावा लागतो. जास्त प्रीमियम घेतला असता, तर दाव्याची रक्कम त्या प्रमाणात कमी करता येते: ८०० पौंड घ्यायचे होते तिथे ६०० भरले असतील, तर ४,००० पौंडांच्या दुरुस्तीचे ३,००० मिळतील, उरलेले १,००० तुमच्या खिशातून जातील. अपघातात इजा झालेल्या दुसऱ्या माणसाची भरपाई कंपनीला सहसा करावीच लागते, पण ती रक्कम ती तुमच्याकडून वसूल करू पाहू शकते.

याहून लांब टिकणारा परिणाम असा की, पुढच्या अर्जांत ‘कोणत्याही कंपनीने तुमची पॉलिसी रद्द केली आहे का’ हा प्रश्न येतो आणि तिथे ‘होय’ लिहावे लागते. तीन पॉइंटांमुळे वाढलेल्या प्रीमियमपेक्षा हे ‘होय’ कितीतरी महाग पडते.

म्हणून चूक लक्षात आली की दावा उभा राहण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवावे. एखादा वाढीव हप्ता आणि दुरुस्तीचे शुल्क भरावे लागेल, पण पॉलिसी पक्की होईल. कंपनीने दावा नाकारला किंवा कापला आणि तो निर्णय अन्यायाचा वाटला, तर आधी कंपनीकडेच तक्रार करावी. तिला अंतिम उत्तरासाठी ८ आठवडे मिळतात. समाधान झाले नाही तर अंतिम उत्तरापासून ६ महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येते. ग्राहकाला त्यासाठी काही द्यावे लागत नाही. तिथे पहिल्यांदा पाहिले जाते ते कंपनीने प्रश्न स्पष्टपणे विचारला होता का, आणि तेव्हा अर्जाच्या पानाची आणि ईमेलची जपून ठेवलेली प्रत तुमच्या बाजूने बोलते.

शिक्षा गंभीर असल्यामुळे नेहमीच्या कंपन्या नकार देत असतील तर ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनच्या शोधसेवेतून असे प्रस्ताव हाताळणारा ब्रोकर मिळू शकतो, आणि शिक्षा कालबाह्य झाली की नाही याचा हिशेब अडला असेल तर अनलॉक ही धर्मादाय संस्था या विषयावर मार्गदर्शन करते.